शब्द अडलाय, कुणाला आणि कसं विचारू? नवीन मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्टसाठी

मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले पेशंटचे रिपोर्ट ऐकून टाइप करायचं काम. ट्रेनिंग संपवून लाइव्ह फाइल्सवर आलं की पहिला महिना सगळ्यांचाच सारखा जातो. कानात हेडफोन, पायाखाली पेडल, आणि तेच तीन सेकंद पन्नास वेळा मागे-पुढे. डॉक्टर काहीतरी म्हणतोय, आपल्याला ऐकू येतंय पण कळत नाहीये, टीएटीचं, म्हणजे रिपोर्ट परत द्यायच्या मुदतीचं, घड्याळ चालू आहे, आणि पगार लाइन्सवर आहे. एक लाइन म्हणजे स्पेस धरून ६५ कॅरेक्टर्स असं बहुतेक ठिकाणी मोजतात, म्हणजे एका शब्दावर अर्धा तास गेला की तेवढ्या लाइन्स गेल्याच. अशा वेळी जवळपास जुळणारा कुठला तरी शब्द टाकून पुढं जायचा मोह होतो, आणि नवीन मुलांच्या हातून ज्या गंभीर चुका होतात त्यातल्या बऱ्याचशा इथेच होतात, इंग्लिश कच्चं आहे म्हणून नाही तर विचारायची लाज वाटली म्हणून किंवा विचारायचं कसं ते माहीत नव्हतं म्हणून.

मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि गेली काही वर्षं क्यूएला, म्हणजे दुसऱ्यांनी टाइप केलेले रिपोर्ट तपासायला आहे. दहा-पंधरा वर्षं मुरलेली माणसंसुद्धा रोज एकमेकांना शब्द विचारतात, सर्जरीवाला कार्डिओवाल्याला, कार्डिओवाला ऑन्कोवाल्याला. हे काम एकट्याच्या कानावर होतच नाही. पण विचारण्याची एक पद्धत आहे, सांगण्याची पण आहे, आणि ती कुठल्याच ट्रेनिंगमधे नीट शिकवत नाहीत म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिलं काम : रिपोर्ट शेवटपर्यंत करा

शब्द अडला की तिथं खुंटा मारून बसू नका. ब्लँक (रिकामी जागा) सोडा, ऑडिओमधला टाइम टाका आणि पुढं जा. डॉक्टर लोक एकच गोष्ट एका रिपोर्टमधे दोन-तीनदा बोलतात, हिस्टरीत पुटपुटलेला शब्द खाली असेसमेंट किंवा प्लॅनमधे चक्क सावकाश बोलतात, कारण तोपर्यंत त्यांनी घास गिळलेला असतो (खरंच, जेवताना डिक्टेट करणारे असतात). शेवटी पोचलात की परत वर या. आता तुम्हाला पेशंटला काय झालंय, कुठला अवयव आहे, कुठली औषधं चालू आहेत हे सगळं माहीत आहे, आणि मगाशी जो नुसता आवाज होता तो बऱ्याचदा आपोआप शब्द होतो.

मग त्याच डॉक्टरचे जुने रिपोर्ट उघडा. अकाउंटवर, म्हणजे ज्या हॉस्पिटलचं काम आहे त्याच्या फोल्डरमधे, सॅम्पल असतात ते त्याचसाठी असतात. डॉक्टर हा सवयीचा माणूस, ज्या वाक्यात तुम्ही अडलात ते वाक्य त्याने मागच्या चाळीस ऑपरेशनमधे जसंच्या तसं बोललेलं असतं. स्पीड कमी करून ऐका, आणि एकदा मुद्दाम थोडा वाढवून पण ऐका. फार स्लो केलं की शब्दाचे तुकडे पडतात आणि त्याची चाल हरवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच कळलं.

दुसरं : जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहून काढा

हे हसण्यावारी नेऊ नका. इंग्लिशमधे लिहायला गेलं की आपलं डोकं लगेच ओळखीचं स्पेलिंग शोधायला लागतं आणि कान बंद होतो. देवनागरीत आवाज जसा आहे तसा उतरतो, ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे. "ग्वायॅक" असं लिहिलं की निदान चार स्वर-व्यंजनं पक्की झाली. आता स्पेलिंग शोधायचं.

पहिलं अक्षर हाच सगळ्यात मोठा चकवा असतो. टोसिस म्हणजे पापणी खाली पडणं, ते टी-ओ मधे सापडत नाही कारण ते पी-टी-ओ ने सुरू होतं. सोअस हा कमरेतला स्नायू, पी-एस-ओ-ए-एस. झायफॉइड एक्सने. राँकाय आर-एच ने. युथायरॉइड ई-यू ने, वाय ने नाही. न्यूमो पी-एन ने हे सगळ्यांना माहीत असतं पण टेरिजियम पण पी-टी ने आहे हे पहिल्यांदा कळतं तेव्हा अर्धा तास गेलेला असतो. आणि तो ग्वायॅक, "स्टूल वॉज ग्वायॅक निगेटिव्ह", त्याचं स्पेलिंग जी-यू-ए-आय-ए-सी. ते एका झाडाच्या राळेचं नाव आहे, शौचात न दिसणारं रक्त आहे का ते बघायची टेस्ट त्या राळेवर चालते म्हणून तेच नाव पडलं. असं कारण एकदा कळलं की ते स्पेलिंग परत विसरत नाही.

माणसांच्या नावाचे आजार आणि साइन्स (तपासताना दिसणाऱ्या खुणा) ही अजून वेगळी कटकट. शार्कोमधे शेवटचा टी बोलत नाहीत, गियाँ-बारेमधे दोन एल आहेत जे ऐकूच येत नाहीत, शोग्रेनची सुरुवात एस-जे ने, अंगठ्याच्या स्नायूबंधाचं (टेंडनचं) डी करव्हें क्यू ने. शब्द फ्रेंच नाहीतर स्वीडिश, बोलणारा टेक्सासचा आणि ऐकणारे आपण कोपरगावचे, तर गाळण होणारच. अशा नावांची एक वेगळी यादी पहिल्या दिवसापासून करा.

तिसरं : शब्द फोडून बघा

एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, ऑटॉमी म्हणजे छेद देणं, ऑस्टॉमी म्हणजे बाहेर तोंड काढणं. डॉक्टर भराभर बोलतो तेव्हा या तिन्हीत फरक एका अक्षराचा असतो आणि पेशंटच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा. राफी म्हणजे शिवणं, पेक्सी म्हणजे जागेवर टाचून ठेवणं, सेंटेसिस म्हणजे सुई घालून पाणी काढणं. असे पन्नास-साठ तुकडे पाठ असले की अनोळखी शब्द अर्धा तरी ओळखीचा होतो.

आपल्या मुलांना एक सांगावंसं वाटतं. मराठी मीडियमचे असाल तर घाबरू नका, उलट तुमच्याकडे एक किल्ली आहे. लॅटिन आणि ग्रीक या संस्कृतच्या लांबच्या बहिणी आहेत. अस्थी आणि ऑस्टिओ, दंत आणि डेंटल, नासा आणि नेझल, पाद आणि पोडायट्रीमधला पोड, हे एकाच मुळाचे शब्द आहेत. आमच्या बॅचमधे एका मुलीला ऑर्थोच्या फाइलमधे "जेनू व्हॅरम" आलं, ती म्हणाली जेनू म्हणजे जानु तर नाही? जानुशिरासन करतो तो जानु, गुडघा. बरोब्बर तेच. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असणं म्हणजे जेनू व्हॅरम. तिला शाळेतल्या संस्कृतने जे दिलं ते आम्हाला डिक्शनरीत शोधावं लागलं. प्रत्येक शब्दाला हे लागू होत नाही, जुळवाजुळव करून शब्द टाकायचा नाही, पण शोध कुठं घ्यायचा त्याची दिशा मिळते.

चौथं : शोधा, पण सर्चचे रिझल्ट मोजू नका

स्टेडमन्स किंवा डॉरलँड्स यापैकी एक तरी मेडिकल डिक्शनरी हाताशी हवी. औषधांसाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं डेलीमेड आहे, तिथं औषधाच्या पाकिटातलं अधिकृत माहितीपत्रक मिळतं, कुठल्या स्ट्रेंग्थमधे येतं ते पण. गूगलवर नुसतं स्पेलिंग टाकून "एवढे रिझल्ट आले म्हणजे बरोबर" असं समजू नका, चुकीच्या स्पेलिंगलाही भरपूर रिझल्ट येतात, आपल्यासारख्यांनीच कुठं कुठं तसं लिहून ठेवलेलं असतं. शब्दाच्या जोडीला पुढचा-मागचा शब्द टाका, अवयव टाका, ऑपरेशनचं नाव टाका.

औषधांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथं माणूस दगावू शकतो. सेलेब्रेक्स, सेलेक्सा, सेरेबिक्स, तिन्ही एका दमात बोलून बघा. पहिलं सांधेदुखीचं, दुसरं डिप्रेशनचं, तिसरं फिट्सवरचं इंजेक्शन. लॅमिक्टल फिट्ससाठी आणि बायपोलरसाठी, लॅमिसिल नखाच्या फंगससाठी. क्लोनिडीन बीपीचं, क्लोनोपिन फिट्स आणि पॅनिकसाठी. हायड्रॅलझिन बीपीचं, हायड्रॉक्सिझिन खाजेचं. हा घोळ फक्त आपल्या कानाचा नाही हे पण लक्षात घ्या, अमेरिकेत लोसेक नावाचं ॲसिडिटीचं औषध होतं, त्याची लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सशी इतकी गल्लत व्हायला लागली की १९९० मधे त्याचं नाव बदलून प्रायलोसेक केलं. पुढं २०१६ मधे ब्रिंटेलिक्स या डिप्रेशनच्या औषधाचं नाव ट्रिंटेलिक्स करावं लागलं, कारण रक्त पातळ करणाऱ्या ब्रिलिंटाशी घोटाळे होत होते. खुद्द तिथले डॉक्टर आणि फार्मसिस्ट फसतात तिथं आपण दोनदा बघायला कमीपणा कसला.

डोस हा चांगला पुरावा आहे. लॅमिसिलची गोळी २५० मिलिग्रॅमची येते, लॅमिक्टल २५, १००, १५०, २०० अशी. नखांसाठी २५० रोज एक म्हणत असेल तर कल सरळ आहे. पण नुसत्या डोसवर जाऊ नका, डोस, आजार आणि आवाज हे तिन्ही जुळले तरच टाका. दोन जुळले आणि एक नाही, तर विचारा.

पाचवं : विचारा, आणि नीट विचारा

पाच मिनिटं, जास्तीत जास्त सात. त्यात नाही सापडलं तर विचारायचं. तासभर झुंजून मग विचारण्यात काही शौर्य नाही.

आता खरा मुद्दा. मला दिवसातून असे मेसेज येतात, "ताई, एक शब्द कळत नाहीये, ओस्टाय असं काहीतरी आहे, प्लीज हेल्प." याचं मी काय करू? हजार शब्द आहेत तसे. तेच एका मुलाने परवा असं पाठवलं :

"ताई, पोटाच्या सर्जरीची ओपी (ऑपरेशनची) नोट. पेशंटला आधी बॅरिॲट्रिक ऑपरेशन झालेलं आहे, आता आतड्याला पीळ पडलाय म्हणून उघडलंय. वाक्य असं, द ब्लँक लिंब वॉज आयडेंटिफाइड अँड रन डिस्टली. ब्लँकमधे रू किंवा रूं असं एकच सिलेबल येतं, शेवटी व्यंजन ऐकू येत नाही. वर एकदा रू-एन-वाय असं काहीतरी म्हणाला पण तिथंही अस्पष्ट आहे. आर-ओ-ओ आणि आर-यू-ई टाकून बघितलं, काही नाही. डॉक्टर अमेरिकन, क्लिअर बोलतो."

मला ऑडिओ ऐकायचीही गरज पडली नाही. रू लिंब, स्पेलिंग आर-ओ-यू-एक्स, एका स्विस सर्जनचं नाव, आणि वरचं रू-एन-वाय म्हणजे आतड्याची वाय अक्षरासारखी केलेली जोडणी. वीस सेकंद लागले. कारण त्याने सगळं दिलं होतं : कुठल्या प्रकारचा रिपोर्ट, पेशंटला काय झालंय, पूर्ण वाक्य, किती सिलेबल, सुरुवात-शेवट काय ऐकू येतंय, काय काय शोधून झालं, बोलणारा कसा आहे. एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि खरं सांगू का, लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

शब्द नामासारखा वाटतोय की क्रियापदासारखा, हत्यार आहे का, टाक्याचा धागा आहे का, औषध आहे का हे पण सांगा. ऑपरेशनच्या नोटमधे हत्यारांची आणि ब्रँडची नावं फार येतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका नोटमधे "अ बेअर हगर वॉज प्लेस्ड" असं स्पष्ट ऐकू येत होतं. स्पष्ट ऐकू येत होतं हाच त्रास, अस्वलाच्या मिठीचा ऑपरेशन थिएटरमधे काय संबंध म्हणून मी वीस मिनिटं दुसराच शब्द शोधत बसले. शेवटी शेजारच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं बरोबरच ऐकलंयस तू. पेशंटला ऑपरेशनमधे गार पडू नये म्हणून गरम हवा सोडतात ना, ते ब्लँकेट. ब्रँडचं नाव आहे. बी-ए-आय-आर. पण मी सांगितलं म्हणून टाकू नकोस, उघडून बघ एकदा." मी उघडून बघितलं, तसंच होतं. त्यांचं ते शेवटचं वाक्य मी आजपर्यंत पाळतेय.

हे कधीच पाठवायचं नाही

पेशंटचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, स्क्रीनशॉट नाही, ऑडिओ क्लिप तर अजिबातच नाही. अमेरिकेचा १९९६ चा हिपा कायदा आपल्या कंपनीलाही करारातून लागू होतो. त्यात पेशंटची ओळख पटवणाऱ्या १८ प्रकारच्या गोष्टी दिल्यात आणि नवीन लोकांना त्यातल्या नाव, फोन, रेकॉर्ड नंबर एवढ्याच माहीत असतात. ॲडमिट झाल्याची, डिस्चार्जची तारीख पण त्यात येते. राज्यापेक्षा छोटं गाव-शहर येतं. ८९ च्या वरचं वय येतं. म्हणजे "अमुक गावचे ९३ वर्षांचे आजोबा, ४ तारखेला ॲडमिट" असं सहज म्हणून लिहिलंत तरी नियम मोडला. "वयस्कर पुरुष, छातीत दुखतंय" एवढं पुरतं.

ऑडिओ ऐकवायचाच असेल तर आपल्याच कंपनीतला, त्याच अकाउंटचा ॲक्सेस असलेला माणूस, आणि तो कंपनीच्याच सिस्टीमवर. नवऱ्याला, मैत्रिणीला, दुसऱ्या कंपनीतल्या ओळखीच्या दादाला नाही. आणि आता नवीन सवय लागलीय ती पण सांगते, अख्खा परिच्छेद कॉपी करून एखाद्या चॅटबॉटमधे टाकायचा नाही. तोही बाहेरचाच.

सहावं : उत्तर मिळालं म्हणजे काम झालं असं नाही

मिळालेला शब्द वाक्यात ठेवा, परत ऑडिओ ऐका. शब्द आवाजात बसतोय का, अर्थात बसतोय का, अवयव तोच आहे का. माझ्याकडून एकदा हे राहिलं होतं. पायाच्या नसेचा रिपोर्ट होता, पाऊल उचलता येत नाही म्हणून पेशंट आलेला, रात्रीचे दोन वाजलेले, मी फोनवर एका सीनियरला विचारलं, त्या म्हणाल्या "पेरिनिअल असेल गं". मी टाकलं. पेरिनिअल म्हणजे मांड्यांच्या मधला भाग. हवं होतं पेरोनिअल, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने खाली पायाकडे जाणारी नस. क्यूएने पकडलं म्हणून बरं. त्या सीनियरची चूक नव्हती, मी त्यांना पायाचा रिपोर्ट आहे हेच सांगितलं नव्हतं, आणि उत्तर आल्यावर डिक्शनरी उघडली नव्हती. दोन्ही माझ्याकडूनच राहिलं.

काही जोड्या अशा आहेत की कान काहीच मदत करत नाही. इलियम आतड्याचं आणि इलियम कमरेच्या हाडाचं, उच्चार एकच, स्पेलिंगमधे एक ई आणि एक आय. इथं फक्त संदर्भ. आणि काही वेळा संदर्भही पुरत नाही, डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास आणि डिसफेझिया म्हणजे बोलायला त्रास, पण लकवा मारलेल्या पेशंटला दोन्ही असू शकतात! मग पुढं बघायचं, स्वॉलो टेस्ट सांगितलीय का, आहार घट्ट-पातळ करायला सांगितलाय का, की स्पीच थेरपीवाल्याने बोलण्याबद्दल काही लिहिलंय. नाही कळलं तर ब्लँक.

आपल्या कानाचे दोन-तीन नेहमीचे घोटाळे इथंच सांगते. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला टी ड सारखा बोलतो, मेटाटार्सलचं मेडाटार्सल होतं. कॅन आणि कान्टमधला टी तो गिळतोच, तेव्हा टी शोधू नका, स्वर ऐका : "कन" असं ओझरतं गेलं तर बहुतेक होकार, "कॅन" असं ठासून आलं तर नकार असण्याची शक्यता जास्त. फिफ्टीनमधे जोर शेवटी, फिफ्टीमधे जोर सुरुवातीला. आणि नुसता "अ" : असिम्प्टोमॅटिक की सिम्प्टोमॅटिक, अफेब्राइल की फेब्राइल. ताप नाही म्हणतोय की आहे म्हणतोय ते व्हायटल्समधलं टेंपरेचर बघून ताडून घ्या. दोन्ही जुळत नसतील तर आपण निवाडा करायचा नाही, फ्लॅग टाकायचा. वर डावा गुडघा म्हणाला आणि खाली उजवा म्हणाला तरी तेच, आपण दुरुस्त करायचं नाही, डॉक्टरच्या नजरेला आणून द्यायचं.

सातवं : दुसऱ्याला सांगताना

सहा महिन्यांत तुम्हालाही कुणीतरी विचारायला लागेल. तेव्हा नुसता शब्द फेकू नका. कुठं बघितलंत ते सांगा, म्हणजे त्याला पडताळता येईल. खात्री असेल तर खात्री म्हणा, अंदाज असेल तर अंदाज म्हणा. "हाच आहे" आणि "हा असू शकतो, बघून घे" यात फार फरक आहे, कारण पहाटे चारला समोरचा माणूस तुमच्या शब्दावर विसंबून बसलेला असतो. माहीत नसेल तर "मला नाही माहीत, कार्डिओवाल्या दादांना विचार" हे पण उत्तरच आहे, गप्प बसण्यापेक्षा चांगलं.

आणि कुणी अगदी सोपं विचारलं तर हसू नका, "एवढं पण माहीत नाही?" म्हणू नका. असं एकदा ऐकलेला पोरगा परत विचारत नाही, तो अंदाजाने टाकायला लागतो, आणि ते आपल्याला दिसत नाही. मी क्यूएला बसून बघितलंय, ज्या टीममधे ग्रुपवर प्रश्न थंडावतात तिथं ब्लँक कमी होतात आणि चुका वाढतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं टीम सुधारली.

आठवं : नाहीच कळलं तर ब्लँक

ब्लँक म्हणजे कमीपणा नाही. ब्लँक म्हणजे "इथं डॉक्टरने बघावं" असं प्रामाणिकपणे सांगणं. पद्धत अशी, अंडरस्कोरची रेघ, ऑडिओमधली वेळ, आणि अकाउंटला चालत असेल तर पुढं साउंड्स लाइकची खूण करून जे ऐकू आलं ते. "०२:१४, साउंड्स लाइक ग्वायॅक" एवढं दिलं की क्यूएवाल्याला नेमकं तिथं जाता येतं. काही अकाउंट्सना साउंड्स लाइक चालत नाही, इन्स्ट्रक्शन शीट बघून घ्या.

नुसता अंदाज किती महाग पडतो ते सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात २००८ मधे हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवलेल्या एका महिलेच्या डिस्चार्ज समरीत लेव्हेमिर इन्सुलिन ८ युनिटच्या जागी ८० युनिट असं पडलं. तेवढं इन्सुलिन दिलं गेलं आणि ती बाई गेली. २०१२ मधे ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई सांगितली. ते ट्रान्सक्रिप्शन भारतात झालं होतं. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. पण आठ आणि ऐंशी, एट आणि एटी, या दोन आवाजांत किती कमी अंतर आहे ते स्वतः एकदा मोठ्याने बोलून बघा.

म्हणूनच आकड्यांचे नियम पाठच पाहिजेत. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मधे वापरू नयेत अशा शॉर्टफॉर्मची यादी काढली, त्यात युनिटसाठी नुसता यू लिहायचा नाही कारण तो शून्यासारखा दिसतो, रोजसाठी क्यूडी लिहायचं नाही, ५ मिलिग्रॅमला ५.० लिहायचं नाही कारण टिंब पुसट झालं की पन्नास होतात, आणि अर्ध्याला .५ नाही तर ०.५ लिहायचं. डॉक्टर क्यूडी बोलला तरी आपण डेली टाइप करायचं, असं बहुतेक अकाउंट्सवर असतं.

आता बरंच काम स्पीच रेकग्निशनचं एडिटिंग झालंय, मशीन आधी ड्राफ्ट करतं आणि आपण दुरुस्त करतो. तिथं जास्त जपा. मशीनला शब्द कळला नाही तरी ते रिकामी जागा ठेवत नाही, काहीतरी छान व्याकरणशुद्ध भरून मोकळं होतं, आणि वाचताना डोळा त्यावरून घसरतो. एडिटिंगमधेही शब्द अडल्यासारखाच वागवा : खटकलं की थांबा, ऐका, विचारा, नाहीतर मशीनने भरलेलं पुसून ब्लँक करा.

वही

एक वही घाला, किंवा एक्सेल शीट, पण स्वतःची. डॉक्टरचं नाव न लिहिता त्याला आपला एक नंबर द्या आणि त्याच्या नंबराखाली शब्द, देवनागरीतला आवाज, खरं स्पेलिंग, अर्थ एका ओळीत, आणि कुठं पडताळलं ते. पेशंटचं काहीही त्यात नको. औषधांच्या चुका टाळण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आयएसएमपी या संस्थेची गोंधळाच्या औषधनावांची यादी मिळते, ती प्रिंट करून टेबलापाशी लावा.

आणि ज्याने मदत केली त्याला निकाल कळवा. "ताई ते रू लिंबच होतं, क्यूएने ओके केलं" एवढंच. बहुतेक जण हे विसरतात, आणि मग सांगणाऱ्याला आपला अंदाज बरोबर होता की चूक ते कधी कळतच नाही.

कुणीच ऑनलाइन नाही, सीनियर सुट्टीवर, टीएटीला दहा मिनिटं उरलेली, तर ब्लँक ठेवून सबमिट करा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी शिफ्टला आल्यावर नवीन फाइल उघडायच्या आधी तो परत आलेला रिपोर्ट उघडा, ब्लँकच्या जागी काय भरलंय ते बघा, परवानगी असेल तर तेवढे तीन सेकंद परत ऐका, शब्द समोर दिसत असताना. काल जो नुसता आवाज होता तो आज स्वच्छ ऐकू येईल. मग वहीत लिहा आणि ग्रुपवर पण टाका, कारण तो डॉक्टर आज आणखी कुणाच्या तरी कानात तोच शब्द बोलणार आहे.